मेदकण आणि करारमदार

जैवतंत्रज्ञानातील लहान कंपनी ही बहुधा एकाच कौशल्यावर उभी असते. एखादे प्रथिन घडवण्याची हातोटी, एखादा रासायनिक रेणू किंवा औषध पेशीपर्यंत पोहोचवण्याची युक्ती एवढेच तिचे भांडवल असते आणि औषध रुग्णाच्या हाती पडेपर्यंत लागणारी चाचण्यांची, उत्पादनाची व परवानग्यांची बाकी सारी सामग्री तिला दुसऱ्यांकडून मिळवावी लागते. त्यामुळे या क्षेत्रात भागीदारी ही हौसेची किंवा केवळ विस्ताराची बाब राहत नाही, तर कंपनीच्या जगण्याची अट ठरते. या भागीदाऱ्यांचे बळ आणि त्यांतील धोके कोविड-१९च्या एका लशीच्या जडणघडणीत जितके उघड दिसतात, तितके क्वचितच अन्यत्र दिसतील.

फायझर आणि बायोएनटेक या दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या लशीला ब्रिटनने २ डिसेंबर २०२० रोजी वापराची परवानगी दिली. विषाणूचा जनुकीय क्रम जगासमोर आल्याला तेव्हा अकरा महिनेही झाले नव्हते, म्हणून हा वेग चमत्कारासारखा वाटला. परंतु त्यामागे पूर्वीच जुळलेल्या अनेक लहान-मोठ्या भागीदाऱ्या होत्या. जर्मनीतील माइन्झ येथे २००८ साली उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेजी या दांपत्याने सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या बायोएनटेकने तोवर एकही औषध बाजारात आणलेले नव्हते. मात्र फ्लूच्या लशीसाठी तिने फायझरशी २०१८ सालीच करार केला होता आणि ज्यांच्या संशोधनामुळे आरएनएला शरीराकडून होणारा विरोध टाळणे शक्य झाले, त्या कॅटालिन कारिको २०१३पासून तिच्याकडेच कार्यरत होत्या. आरएनए म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे याचा निरोप पेशीला देणारा रेणू. तो फार नाजूक असतो. नुसताच टोचला तर रक्तातील व ऊतींमधील विकरे त्याचे काही वेळातच तुकडे करतात आणि निरोप पेशीपर्यंत पोहोचतच नाही.

ही अडचण दूर करणारे कौशल्य कॅनडातील व्हँकुव्हर येथील अ‍ॅक्युइटास थेरप्युटिक्स या कंपनीकडे होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील पीटर कलिस यांच्या दीर्घ संशोधनातून घडलेल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली सुरू केलेल्या या कंपनीत महासाथ आली तेव्हाही तीसच्या आसपासच माणसे होती. आरएनए ज्यात गुंडाळायचा ते मेदाचे कण चार घटकांचे असतात: कोलेस्टेरॉल, पेशीच्या आवरणात आढळतो त्या जातीचा एक फॉस्फोलिपिड, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेला एक विशेष मेद आणि सर्वांत महत्त्वाचा असा, आम्लतेनुसार विद्युतभार बदलणारा मेद. हे कण तयार करताना आम्लधर्मी पाण्यातील आरएनए आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले मेद यांचे दोन प्रवाह वेगाने एकत्र आणले जातात. आम्लामुळे धनभारित झालेला मेद ऋणभारित आरएनएला धरून ठेवतो आणि क्षणार्धात शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे कण आपोआप जुळून येतात. पुढे अल्कोहोल काढून आम्लता उतरवली की मेदाचा भार जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे त्याचा शरीराला होणारा त्रास कमी होतो. पेशीने कण गिळल्यावर आतल्या आम्लधर्मी पिशवीत मेद पुन्हा धनभारित होतो, पिशवीचे आवरण फाटण्यास मदत करतो आणि आरएनए मोकळा होतो. या लशीत अ‍ॅक्युइटासचा एएलसी-०३१५ हा मेद वापरला गेला.

प्रयोगशाळेतील कृती माहीत असणे वेगळे आणि माणसांना टोचता येईल इतक्या शुद्धतेने, प्रत्येक वेळी त्याच आकाराचे कण काढणे वेगळे. चाचण्यांपुरते हे काम व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथील पॉलिमुन या छोट्या कौटुंबिक कंपनीने केले. या साखळीतील एकही कडी सुटली असती तर २०२०च्या एप्रिलमध्ये जर्मनीत पहिली मानवी चाचणी सुरू होऊ शकली नसती, आणि म्हणूनच या यशाचे श्रेय केवळ बड्या नावांना देणे अन्यायाचे आहे.

मात्र याच मेदकणांचा इतिहास भांडणांचाही आहे, आणि भारतीय वाचकाने त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. अर्ब्युटस या व्हँकुव्हरच्याच कंपनीकडून अ‍ॅक्युइटासने मेदकणांच्या तंत्राचा परवाना घेतला होता आणि त्यातील काही हक्क उपपरवान्याने, म्हणजे आपल्याला मिळालेला परवाना पुढे तिसऱ्याला देऊन, मॉडर्ना या कंपनीला दिले होते. परवान्याच्या अटी मोडल्याचा दावा अर्ब्युटसने २०१६ साली केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८च्या तडजोडीत अ‍ॅक्युइटासचा तो परवाना संपुष्टात आला. मॉडर्नाला आधी दिलेले चार उपपरवाने मात्र मर्यादित स्वरूपात टिकले. तोवर स्वतःचे नवे मेद घडवून ठेवलेले असल्यामुळेच अ‍ॅक्युइटास तगली. परक्या पेटंटवर सारा संसार मांडलेली दुसरी एखादी कंपनी तिथेच बुडाली असती.

पुण्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. हिंजवडीतील जेनोवा बायोफार्मास्युटिकल्सने कोविडच्या आरएनए लशीचे काम २०२० साली सिएटलच्या एचडीटी बायो या छोट्या कंपनीच्या सहकार्याने सुरू केले. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे अर्थसाहाय्य मिळाले आणि जून २०२२ मध्ये लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागत असे, ही मात्र साध्या शीतकपाटाच्या २ ते ८ अंशांत टिकणारी होती. आपल्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तरीही ही भागीदारीसुद्धा न्यायालयीन वादात सापडली.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरसारख्या संस्था आज नवख्या कंपन्यांना जागा, उपकरणे व मार्गदर्शन देतात आणि बायरॅक ही सरकारी संस्था तिच्या प्रारंभिक अनुदान योजनेतून एका प्रकल्पाला ५० लाख रुपयांपर्यंत निधी देते. असे वाद टाळण्यासाठी या निधीचा एक हिस्सा परवाने, उपपरवाने आणि पेटंटची मालकी यांचे करार जाणकारांकडून तपासून घेण्यासाठी राखून ठेवावा आणि तो खर्च प्रयोगशाळेच्या खर्चाइतकाच आवश्यक मानावा. कोणता हक्क कोणाचा आणि तो पुढे कोणाला देता येईल, हे कागदावर पहिल्याच दिवशी स्पष्ट असायला हवे.