ओळींतून उभा राहतो सात-बारा

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीत वडिलोपार्जित शेती आणि नोकरीनिमित्त मुक्काम पुण्या-मुंबईत, अशा खातेदाराला उताऱ्यासाठी आता गाव गाठावे लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा १ मे २०१८ पासून संकेतस्थळावर मिळू लागला. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक दिला की उतारा पडद्यावर येतो. मात्र अशा नोंदी संगणकात मुळात उताऱ्याच्या रूपात नव्हे, तर तक्त्यांतील सुट्या ओळींच्या रूपात साठवल्या जातात. त्या ओळींतून सलग, अर्थपूर्ण नोंद उभी करण्याचे काम प्रोग्रॅमला करावे लागते. तेथे झालेली चूक थेट कोणाच्या तरी नावावर वा क्षेत्रावर येते.

माहिती तक्त्यांत मांडण्याची ही पद्धत एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये सुचविली. त्या वेळी ते आयबीएममध्ये कार्यरत होते. या पद्धतीत एक माहिती शक्यतो एकाच ठिकाणी ठेवली जाते. गटांचा तक्ता वेगळा, खातेदारांचा वेगळा, फेरफारांचा वेगळा. माहिती हवी असली की डेटाबेसला प्रश्न विचारायचा. यालाच 'क्वेरी' म्हणतात. डेटाबेस संबंधित तक्ते जोडून उत्तर देतो. हे उत्तरही ओळी आणि रकान्यांचेच असते.

एक गट, तीन ओळी

समजा, गट क्रमांक ४५ चे क्षेत्र २ हेक्टर ४० आर आहे आणि तो तीन भावांच्या नावे आहे. गट आणि खातेदार हे तक्ते जोडले की उत्तरात तीन ओळी येतात. प्रत्येक ओळीत भावाचे नाव निराळे, पण क्षेत्र तेच. प्रत्येक ओळ म्हणजे स्वतंत्र जमीन, असे मानून प्रोग्रॅमने बेरीज केली तर २ हेक्टर ४० आरचे ७ हेक्टर २० आर होतात. डेटाबेसने चूक केलेली नसते. त्याच्या ओळींचा अर्थ लावताना चूक होते.

म्हणूनच ओळींचे रूपांतर 'ऑब्जेक्ट'मध्ये केले जाते. ऑब्जेक्ट म्हणजे एका वस्तूची सर्व माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया एकत्र बांधलेले गाठोडे. 'गट' या ऑब्जेक्टमध्ये क्षेत्र एकदाच असते, खातेदारांची यादी असते आणि एकूण क्षेत्र किती, याचे उत्तर तो स्वतःच देतो. उर्वरित प्रोग्रॅमला कितव्या रकान्यात काय आहे, याची चौकशी करावी लागत नाही.

संगणकाचे चावडी वाचन

राज्यात सुमारे अडीच कोटी सात-बारा आहेत. एवढ्या नोंदींचे ऑब्जेक्ट एकाच वेळी तयार करायचे म्हटले तर संगणकाची स्मृती अपुरी पडेल. येथे 'इटरेटर' उपयोगी पडतो. त्याचे काम समजून घेण्यास चावडी वाचनाचे उदाहरण चपखल आहे. संगणकीकृत सात-बारा अचूक व्हावेत म्हणून २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. नोंद वाचायची, ग्रामस्थांनी ती ऐकून हरकत सांगायची आणि मग पुढच्या नोंदीकडे वळायचे, असा त्याचा क्रम. इटरेटरही तसेच करतो. मागणी झाली की पुढची नोंद देतो आणि नोंदी संपल्या की तसे कळवितो. एका वेळी हाती एकच नोंद असते.

ही कल्पना नवी नाही. बार्बरा लिस्कोव यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये तयार झालेल्या 'सीएलयू' या भाषेत इटरेटर होता. पुढे जावा भाषेत आणि २००४ मध्ये आलेल्या पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीत त्याची प्रमाणित सोय झाली.

ओळी देणारा इटरेटर आणि ऑब्जेक्ट देणारा इटरेटर यांत मात्र फरक आहे. दुसरा पहिल्यावर उभा असतो. तो एकेक ओळ वाचतो. गट क्रमांक तोच असेल तर खातेदाराचे नाव चालू ऑब्जेक्टमध्ये जोडतो. क्रमांक बदलला की पूर्ण झालेला ऑब्जेक्ट पुढे देऊन नवा सुरू करतो.

चूक कोठे दडते?

पहिला धोका क्रमाचा. क्वेरीत क्रम स्पष्टपणे मागितला नाही तर डेटाबेस ओळी कोणत्याही क्रमाने देऊ शकतो. तिघा भावांच्या ओळी विखुरल्या की एकाच गटाचे तीन अर्धवट ऑब्जेक्ट तयार होतात.

दुसरा धोका शेवटच्या गटाचा. क्रमांक बदलला की ऑब्जेक्ट पुढे द्यायचा, एवढाच नियम लिहिला तर शेवटच्या गटानंतर क्रमांक बदलतच नाही. ओळी संपतात आणि गावाचा अखेरचा गट यादीतून गळतो. पडद्यावर कोणतीही त्रुटी दिसत नाही, म्हणून ही चूक अधिक घातक.

तिसरा धोका वाचन सुरू असताना होणाऱ्या बदलांचा. गट आणि खातेदार यांची माहिती वेगवेगळ्या क्वेरींनी आणली आणि मधल्या वेळेत वारसाचा फेरफार मंजूर झाला, तर अर्धी माहिती जुनी आणि अर्धी नवी असे मिश्रण हाती येते. त्यासाठी सर्व वाचन एकाच व्यवहारात आणि एकाच क्षणाच्या स्थितीवर व्हावे, अशी व्यवस्था करावी लागते.

स्मृतीच्या बचतीबाबतही भ्रम नसावा. डेटाबेसशी संपर्क साधणाऱ्या काही सॉफ्टवेअरची मूळ योजनाच सर्व ओळी आधी स्मृतीत आणण्याची असते. ती बदलली नाही तर वर इटरेटर लावूनही स्मृती वाचत नाही. याउलट प्रत्येक गटासाठी खातेदारांची निराळी क्वेरी केली तर हजार गटांच्या गावासाठी एकऐवजी एक हजार एक क्वेरी होतात आणि काम मंदावते.

रस्ता वा रेल्वेसाठी भूसंपादन होते, पीककर्जाचा अर्ज केला जातो किंवा वारस नोंद होते, तेव्हा याद्या अशाच प्रोग्रॅममधून निघतात. एखादे नाव गळले तर त्या कुटुंबाला हेलपाटे घालावे लागतात. त्यामुळे प्रोग्रॅम तपासताना एक खातेदार असलेला गट, अनेक खातेदार असलेला गट आणि गावाचा अखेरचा गट, असे तीनही नमुने पाहणे आवश्यक ठरते. खातेदारानेही यादी हाती आल्यावर केवळ आपले नाव शोधून थांबू नये. सहधारकांची नावे आणि एकूण क्षेत्र मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे, हे श्रेयस्कर.