टेमेड सगळ्यात शेवटी

प्रथिनांवर काम होणाऱ्या प्रयोगशाळेत अ‍ॅक्रिलामाइडच्या बाटलीला हातमोज्यांशिवाय कोणी हात लावत नाही. हे रसायन कातडीतून आत शिरतं आणि मज्जासंस्थेला घातक ठरतं. गंमत म्हणजे प्रथिनं वेगळी करण्यासाठी त्याचीच जेल केली की धोका बराचसा ओसरतो. थोडं सुटं अ‍ॅक्रिलामाइड तरीही मागे राहतं, म्हणून मोजे हातातच.

जेल ओतणं हे घाईचं काम. काचेच्या दोन पट्ट्या घट्ट बसवायच्या आणि आधी नुसतं पाणी ओतून गळती पाहायची. मग अ‍ॅक्रिलामाइड, 8.8 पीएचचा ट्रिस बफर, एसडीएस आणि पाणी एकत्र करायचं. त्यात जेल जमवणारं अमोनियम पर्सल्फेट, आणि सगळ्यात शेवटी टेमेड. दहा मिलिलिटरला टेमेडचे काही मायक्रोलिटर पुरतात. मासळीसारखा उग्र वास येतो आणि तिथून हाताशी उरतात मोजकी मिनिटं. ओतून झालं की वर आयसोप्रोपॅनॉलचा पातळ थर द्यायचा, कारण हवेतला ऑक्सिजन जेल जमू देत नाही. उरलेलं मिश्रण नळीत तसंच ठेवतात. नळी तिरकी करून ते हललं नाही, की काचेतलीही जमली असं समजायचं.

जमलीच नाही तर? पहिला संशय पर्सल्फेटवर. ते ओल धरतं आणि निकामी होतं. ताज्या पर्सल्फेटवर पाणी पडलं की बारीक तडतड ऐकू येते. जुनं मुकाट विरघळतं. दहा टक्क्यांचं द्रावण म्हणूनच त्या-त्या दिवशी करावं.

ट्रिसचा स्वभाव आणखी फसवा. तापमान एक अंशाने वाढलं की त्याचा पीएच साधारण 0.03 ने उतरतो. चार अंशांच्या थंड द्रावणाचा पीएच 8.8 ला जुळवला, तर पंचवीस अंशांना तो 8.2 च्या आसपास येतो. बाटलीवर मात्र 8.8 लिहिलेलं असतं! एसडीएसचंही तसंच. फ्रिजमध्ये ठेवलं की ते पांढरं होऊन तळाशी बसतं, आणि पोटॅशियम असलेलं द्रावण त्यात गेलं की साका धरतो.

शॅम्पूला फेस आणणाऱ्या रसायनांतलं एसडीएस हे एक. ते प्रथिनाची घडी मोडतं आणि एका ग्रॅमला सुमारे 1.4 ग्रॅम या प्रमाणात त्याला चिकटून ऋण भार देतं. मग विजेच्या ओढीने जेलमधून लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. अंड्याच्या पांढऱ्यात 45 किलोडाल्टनचं ओव्हाल्ब्युमिन वर अडतं आणि 14 किलोडाल्टनचं लायसोझाइम खाली उतरतं. उलरिख लेम्ली यांनी 1970 साली ‘नेचर’मध्ये ही पद्धत वापरली. लेख होता टी-फोर विषाणूच्या डोक्याची बांधणी कशी होते यावर. पुढे त्याचा दाखला देणाऱ्या बहुतेकांना हवी होती ती त्यातली जेल.

आता पाकीटबंद जेल मिळते. वेळ वाचतो, दरवेळी निकाल सारखा येतो. नाक मुरडायचं काही कारण नाही. पण एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात पहिली जेल तरी मुलांनी स्वतः ओतावी, गळली तर गळू द्यावी. नाहीतर जेलवर प्रथिनांचे बँड वाकडेतिकडे आले की बफर तपासायचा सोडून ती नवं पाकीट मागवतात.