विंचूदंशावरचा उपाय सापडला नोंदवहीतून. तरुण डॉक्टरांसाठी महाडचा धडा

कोकणात लाल विंचू चावला की माणूस वाचेल याची खात्री नसायची. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडी आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रुग्णांपैकी जवळपास ४० टक्के दगावत. हाताशी ना मोठी प्रयोगशाळा, ना संशोधनाचा निधी.

मग त्यांनी केलं काय? रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून उलगडा झाला. विषामुळे रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. ही निरीक्षणं त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कळवली.

काम तिथंच थांबलं नाही. एमडी करून ते पुन्हा महाडला आले. रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रश्न अनेकांना पडतो. पाठपुरावा थोडेच करतात. नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांनी आपल्या भागातला एकच आजार निवडावा. रुग्णाची संमती आणि नीतिशास्त्र समितीची परवानगी घ्यावी, प्रत्येक नोंद ठेवावी, घरी गेलेल्या रुग्णाचं पुढं काय झालं तेही विचारावं आणि लिहून पाठवावं.

आणि गावकऱ्यांनी? विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा.