खुराक राहिला, बैठका गेल्या

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पोर अंगानं भरलेलं असलं की आजी खूश. खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर, पैलवानाचा खुराक घरोघरी ठाऊक: थंडाई, तूप, म्हशीचं धारोष्ण दूध. तो पहाटेच्या जोर-बैठकांत जिरायचा. आताचा नातू व्हॅननं शाळेला जातो, तिथून क्लासला, आणि पाटाकडील-बालगोपालचा फुटबॉल सामना मोबाइलवर बघतो.

लठ्ठपणा खात्यापित्या घरचा, हा आपला समज अगदीच खोटा नाही. आपल्याकडे जाड मुलं सुखवस्तू घरांत जास्त. श्रीमंत देशांत उलट, गरीब वस्त्यांत जास्त. पण म्हणून महापालिकेच्या शाळेतल्या काटकुळ्या पोराला निर्धास्त सोडता येत नाही.

कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी पडले होते. चरबी मात्र बरीचशी राखलेली. २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. ते आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात. ते कमी असलेल्या देहात रोज खाऊची पाच-दहा रुपयांची पाकिटं गेली, की चरबी पोटाभोवती साठते, इन्शुलिन निष्प्रभ होऊ लागतं, आणि वजनकाटा गप्पच राहतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवावं. तालमीतल्या पोराचा बीएमआय स्नायूंमुळेही वाढतो; त्यालाही टेपच न्याय देते.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जाड मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ४.१ झालं. त्याच पाहणीत ३६ टक्के मुलं कमी वजनाची. दोन्ही एकाच राज्यात.

राज्य सरकारनं २०१७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमधून जंक फूड हटवायला सांगितलं. पुढं केंद्राच्या नियमानं फाटकापासून ५० मीटरची हद्दही आखली. पण कॅन्टीनच नसलेल्या शाळेतलं पोर खाऊ घेतं ते कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणि ती हद्द मोजायला जातंय कोण?

मुलांना रोज तासभर दमवणारा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोल्हापुरात तालमी आहेत, फुटबॉलचं वेड आहे. पण बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी मैदानातून घरात येते. पेठेतल्या मंडळांनी संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखावा, फी न घेता.