घरच्या चित्रफिती व त्यांच्या तबकड्या

ग्रंथ कसा जपावा हें आपल्या पूर्वजांस निराळें शिकवावें लागत नसे. अनेक जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस पोथीच वाचकास विनवणी करतांना आढळते, कीं मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, माझी बांधणी सैल होऊं देऊं नका आणि मला मूर्खाच्या हातीं देऊं नका. ती विनवणी अनुभवांतून आलेली होती; कारण पोथी गेली म्हणजे विद्या गेली, हें लेखनिकास ठाऊक होतें. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या घरांतून एक नव्या प्रकारचा ठेवा सांठला आहे. त्याच्या अखेरीस मात्र अशी विनवणी कोणी लिहिलेली नसते. तो ठेवा म्हणजे लग्नमुंजींच्या, बारशांच्या, सहस्रचंद्रदर्शनाच्या आणि गणपतीच्या आरत्यांच्या चित्रफिती.

सन १९८२ मध्यें आपल्या देशांत रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि त्याच दशकांत कार्यप्रसंगीं छायाचित्रकाराबरोबर चित्रण करणारा मनुष्यही मांडवांत दिसूं लागला. त्या फितींवर जीं माणसें आहेत त्यांतील कित्येक आज हयात नाहींत. छायाचित्रांत चेहरा राहतो. पण आजीची चाल, मातृभोजनास बसलेल्या बटूकडे पाहून तिचें हंसणें, काकांचा मंगलाष्टकें म्हणतांनाचा खडा आवाज, हें सर्व फितीवरच काय तें शिल्लक आहे.

आणि फीत नाशवंत आहे. तीवरचें चित्र म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसविलेल्या चुंबकीय कणांची रचना. ते कण धरून ठेवणारा थर कालांतरानें निकृष्ट होतो. आपल्याकडील, विशेषतः कोंकणांतील, पावसाळ्याच्या दमट हवेंत तीवर पांढरी बुरशी चढते. बरें, फीत सुस्थितींत असली तरी ती लावावयाची कशावर? व्हीसीआर तयार करणाऱ्यांपैकीं जपानांतील फुनाई हा अगदीं शेवटीं उरलेला कारखाना. त्यानेंही तें काम २०१६ च्या जुलै महिन्यांत थांबविलें. जुनीं यंत्रें आहेत तोंवरच हें काम उरकलें पाहिजे.

फितींवरील चित्रण डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून घ्यावें असें पुष्कळ कुटुंबांस वाटतें. डीव्हीडी ही कांहीं आजची वस्तु नव्हे. तिचे पहिले प्लेअर जपानांत १९९६ सालीं विक्रीस आले, आणि हल्लींच्या बहुतेक नव्या संगणकांत तर तिच्यासाठीं जागाही ठेवीत नाहींत. तरीसुद्धां गांवाकडील अनेक वडील मंडळींच्या घरीं तो प्लेअर अजून टीव्हीखालीं बसलेला आहे. त्यांस पासवर्ड नको, इंटरनेट नको. तबकडी घातली, कळ दाबली, कीं चित्र दिसावें, एवढीच त्यांची अपेक्षा. नेमकी येथेंच निराशा होते. पुण्यांतील नातवानें हौसेनें तबकडी करून पाठवावी, ती त्याच्या संगणकावर उत्तम चालावी, आणि आजोबांच्या प्लेअरनें मात्र ती ओळखण्याचें साफ नाकारावें, हा प्रकार वारंवार घडतो. त्याचें कारण समजून घेतलें तर उपाय कठीण नाहीं.

साधा प्लेअर हा फक्त बाळबोध लिपि येणाऱ्या वाचकासारखा आहे. त्याच्या हातीं मोडींतील पत्र दिलें, तर तें कितीही जिव्हाळ्याचें असो, त्यास वाचतां येणार नाहीं. संगणकास अनेक लिप्या येतात, म्हणून तो कुरकुर करीत नाहीं. मोबाइलनें काढलेलें चित्रण बहुधा एमपी-फोर या प्रकारच्या फाइलींत असतें. ती फाइल जशीच्या तशी कोऱ्या तबकडीवर नकलून ठेवली, तर ती तबकडी म्हणजे नुसती सामानाची पेटी झाली. प्लेअरास हवी असते ती ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ या ठरीव रचनेची तबकडी. तींत चित्र एमपेग-२ या पद्धतीनें लिहिलेलें असावें लागतें. आपल्याकडील ‘पाल’ पद्धतींत चित्राचा पूर्ण आकार ७२० गुणिलें ५७६ बिंदु आणि गति सेकंदास २५ चित्रें. ध्वनि सेकंदास ४८,००० नमुन्यांचा. हें सर्व ‘व्हिडिओ-टीएस’ नांवाच्या कप्प्यांत ठेवावें लागतें. त्या कप्प्यांत तीन प्रकारच्या फाइली असतात. ‘व्हीओबी’ मध्यें प्रत्यक्ष चित्र व ध्वनि. ‘आयएफओ’ मध्यें अनुक्रमणिका, म्हणजे कोणता भाग कोठें आहे याचा निर्देश. आणि ‘बीयूपी’ मध्यें त्या अनुक्रमणिकेची जपून ठेवलेली दुसरी प्रत. कांहीं प्लेअरांस इतर प्रकारच्या फाइलीही वाचतां येतात हें खरें. पण दुसऱ्याच्या घरीं तबकडी पाठवितांना त्या भरंवशावर राहूं नये.

आतां कृति सांगतों. तिचे टप्पे चार आहेत.

पहिला टप्पा फीत संगणकांत उतरविण्याचा. त्यासाठीं चालू व्हीसीआर आणि त्यास जोडावयाचें एक लहानसें ‘कॅप्चर’ यंत्र लागतें. पिवळ्या टोकाच्या तारेंतून चित्र आणि पांढऱ्या व तांबड्या टोकांच्या तारांतून ध्वनि संगणकांत जातो. फीत जितका वेळ चालते तितकाच वेळ या कामास लागतो. तीन तासांच्या फितीस तीन तास, येथें घाई उपयोगाची नाहीं. बुरशी दिसत असलेली फीत मात्र तशीच व्हीसीआरमध्यें घालूं नये. ती बुरशी यंत्राच्या आंतल्या भागांस लागते आणि पुढच्या प्रत्येक फितीस बाधते. ती आधीं जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

दुसरा टप्पा रचनेचा. संगणकांतील फाइल वर सांगितलेल्या लिपींत बदलून तिची अनुक्रमणिका बांधावयाची. त्यासाठीं ‘डीव्हीडी-स्टायलर’ सारखी मोफत मिळणारी प्रणाली पुरेशी आहे. येथें घरांतील बायकांचा सल्ला अवश्य घ्यावा. तीन तासांचें लग्न सलग टाकण्यापेक्षां त्याचीं प्रकरणें पाडावीं: घाणा भरणें, पुण्याहवाचन, सीमांतपूजन, कन्यादान, सप्तपदी, गृहप्रवेश. म्हणजे ज्यास जें पाहावयाचें तें एका कळीसरशीं सांपडेल.

तिसरा टप्पा हिशेबाचा, आणि बहुतेक तबकड्या येथेंच बिघडतात. साध्या एकपदरी तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक हाच आंकडा आपल्या निराळ्या मोजमापानें सुमारें ४.३८ दाखवितो, म्हणून तबकडी खोटी आहे असें समजूं नये. एका बाइटांत ८ बिट, म्हणजे एकंदर ३७.६ अब्ज बिट झाले. दोन तासांचे ७,२०० सेकंद. भागाकार केला तर सेकंदास सुमारें ५२ लक्ष बिट वांट्यास येतात. चित्र नीट दिसण्यास तेवढे चालतात. तेंच तीन तासांचें चित्रण एका तबकडींत कोंबलें, तर सेकंदास ३५ लक्षही धड मिळत नाहींत. मग मांडवांतील गर्दी हललीं कीं चेहऱ्यांचे चौकोन होतात. उलट फार उदारपणाही नको. चित्रासाठीं सेकंदास ९८ लक्ष बिट ही प्लेअरची ठरलेली मर्यादा आहे, आणि तिच्या अगदीं कांठावर गेलेली घरची तबकडी जुन्या प्लेअरवर अडखळूं शकते. सबब एका तबकडींत एक ते दीड तास, फार तर दोन तास, हें प्रमाण ठेवावें.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबानें चार पैसे वांचविण्याकरितां तीन तासांची मुंजीची फीत बाजारांतील एका दुकानदाराकडून एकाच तबकडींत बसवून घेतली, आणि काम झालें असें समजून मूळ फीत टाकून दिली. आज त्या तबकडींत पणजीबाईंचा चेहरा ओळखूं येत नाहीं, आणि तो पुन्हां मिळविण्याचा मार्गही उरलेला नाहीं. तिचें दुसरें चित्रण घरांत नव्हतें. दुकानांतून काम करून घ्यावयाचें असेल तर खुशाल घ्यावें. मात्र तबकडीबरोबर संगणकांत उतरविलेली मूळ फाइलही मागून घ्यावी, आणि फीत केव्हांही फेंकूं नये.

चौथा टप्पा लेखनाचा. या क्रियेस इंग्रजींत ‘जाळणें’ अशा अर्थाचें क्रियापद आहे. तें ऐकून घरांतील वडील माणसें दचकतात, पण तें अगदींच निरर्थक नाहीं. तबकडीच्या पोटांत सेंद्रिय रंगाचा अत्यंत पातळ थर असतो, आणि तांबडा लेसर किरण तो तापवून त्यांत सूक्ष्म खुणा उमटवितो. हें लेखन आंतल्या कडेपासून वेटोळ्यांनीं बाहेर जातें. जुन्या प्लेअरकरितां ‘डीव्हीडी-आर’, म्हणजे नांवांत वजा चिन्ह असलेली आणि एकदांच लिहितां येणारी, तबकडी घ्यावी. पुसून पुन्हां लिहावयाची तबकडी कांहीं प्लेअरांस वाचतां येत नाहीं. यंत्र देईल तो कमाल वेग न घेतां मध्यम वेग घ्यावा. शेवटीं ‘फायनलाइझ’ ही क्रिया झालीच पाहिजे. ती म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस ‘समाप्त’ लिहिणें होय. त्यावांचून साधा प्लेअर बहुधा ती तबकडी वाचीत नाहीं. नंतर ती शेजाऱ्यांच्या प्लेअरवर आरंभापासून शेवटपर्यंत चालवून पाहावी, मगच गांवीं पाठवावी.

परदेशीं असलेल्या मंडळींसाठीं एक सूचना. अमेरिकेंत ‘पाल’ पद्धति नाहीं. तेथें ‘एनटीएससी’ चालते, आणि तिच्यांत चित्र ७२० गुणिलें ४८० बिंदूंचें असून गति सेकंदास सुमारें ३० असते. आपल्याकडील बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धति वाचतात. तेथील पुष्कळसे वाचीत नाहींत. म्हणून न्यू जर्सींतील लेकीस धाकट्या भावाच्या मुंजीची तबकडी पाठवावयाची तर ती त्या पद्धतीची करून पाठवावी. बाजारांतील चित्रपटांच्या तबकड्यांवर देशविभागाचें जें बंधन असतें, तें घरीं केलेल्या तबकडीवर नसतें. त्याची चिंता नको.

या तबकडींतील एक युक्ति पाहून आम्हांस आपल्या वेदपाठकांची आठवण झाली. जटा, घन या पाठांत तींच पदें पुढेंमागें फिरवून म्हणतात. त्यामुळें एखादें अक्षर ढळलें तर तें तत्काळ उघडकीस येतें. तबकडींतही चित्राबरोबर गणितानें काढलेले जादा आंकडे लिहिलेले असतात. त्यांचें मूळ रीड व सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत आहे. बारीक ओरखड्यामुळें कांहीं आंकडे वाचतां आले नाहींत, तर प्लेअर उरलेल्यांवरून ते पुन्हां काढतो. पण या क्षमेस मर्यादा आहे. ओरखडा मोठा झाला, किंवा आंतला रंगच फिका पडला, तर गणितही हात टेंकतें. याकरितां तबकडी उन्हांत ठेवूं नये, कडेनें धरावी, डबींत उभी ठेवावी. तीवर कागद चिकटवूं नये, कारण त्यानें तोल जातो. नांव लिहिणें तें तबकडीकरितां मिळणाऱ्या मऊ टोकाच्या लेखणीनें लिहावें.

एवढें करूनही तबकडी हा अंतिम ठेवा मानूं नये. आजच्या मोबाइलचें सर्वसाधारण चित्र १९२० गुणिलें १०८० बिंदूंचें असतें. डीव्हीडीचें चित्र त्याच्या पांचव्या हिश्श्याइतकें. तबकडी ही वडिलांस पाहण्यासाठीं केलेली प्रत. मूळ फाइल हीच खरी पोथी. तिच्या निदान तीन प्रती असाव्या, आणि त्या एकाच घरांत नसाव्या. पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताची संशोधित आवृत्ति काढतां आली, ती निरनिराळ्या प्रांतांतून निरनिराळ्या हातांनीं जपलेल्या पोथ्या होत्या म्हणूनच. याउलट दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहा. आपल्या पहिल्या चित्रपटांत गणला जाणारा तो बोलपट आज पूर्ण स्वरूपांत उपलब्ध नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये, कारण तो बोलपट नव्हे, मूकपट होता. परंतु तो पूर्ण राहिला नाहीं हें खरें. जें राष्ट्राच्या ठेव्याचें झालें तें आपल्या घरच्या ठेव्याचें व्हावयास कितीसा वेळ?

शेवटची गोष्ट कोणत्याही यंत्रास करतां येणार नाहीं, ती घरच्या माणसांनींच करावयाची आहे. तबकडी तयार झाली म्हणजे एके दिवशीं दुपारीं घरांतील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीस ती दाखवावी, आणि नातवंडांपैकीं एकानें वही घेऊन जवळ बसावें. पंगतींत तिसऱ्या पाटावर बसलेले हे कोण, अंतरपाट धरणारे ते गुरुजी कोणत्या गांवचे, नवरीच्या मागें उभी असलेली ही मुलगी कोणाची, हें विचारून चित्रांतील वेळेसह लिहून काढावें. चित्र शंभर वर्षें टिकलें आणि त्यांतील माणसांस ओळखणारें कोणी राहिलें नाहीं, तर तें परक्यांचें चित्र होतें. फीत अजून कांहीं वर्षें तग धरील. ओळखणारे डोळे तितका काळ थांबतीलच असें नाहीं. त्या वहीची एक प्रत प्रत्येक तबकडीबरोबर ठेवावी, आणि हें काम येत्या सुटींतच हातीं घ्यावें, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.