मुलांना लिहितं करू या!

माझी मुलगी तिसरीत असतानाची गोष्ट. शाळेत ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायचा होता. तिनं लिहिलं, ‘आई चिडली की भांडी जोरात आपटते. मग स्वतःच हसते.’ वाचून मला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. पण वही परत आली तेव्हा या दोन्ही वाक्यांवर लाल रेघ होती. फळ्यावरचा निबंध उतरवून आणायला सांगितलं होतं : ‘माझी आई प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते.’

त्यानंतर कितीतरी दिवस ती वही माझ्यापुढे सरकवून म्हणायची, ‘‘तू सांग, मी लिहिते.’’

आपल्यापैकी अनेकींच्या घरी हेच घडतं. आपण घाईत निबंध सांगतो, मूल उतरवून घेतं. पान भरतं, पण लिहिणं येत नाही.

आधी बोलू द्या

लिहिण्याचं मूळ बोलण्यात आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातले गुरुजी चौथीच्या वर्गात धडे बाजूला ठेवून आधी गोष्टी सांगतात. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र उभारलं.

घरी हे सहज जमतं. ‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारलं, तर ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘डब्यातली भाजी कोणी खाल्ली? मग तू काय म्हणालास?’ असं विचारा. मूल भरभर सांगू लागेल. मग म्हणा, ‘‘आता यातलीच तीन वाक्यं लिही.’’

खरंखुरं लिहायला द्या

लिहिण्याला काही कारण हवं. वाण्याच्या सामानाची यादी, फ्रीजवर बाबांसाठी चिठ्ठी, वाढदिवसाचं आमंत्रण, आजीला पत्र, ही कामं मुलांवर सोपवा. पहिलीतल्या मुलाला चित्र काढू द्या आणि त्याखाली एकच ओळ लिहायला सांगा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बोटं दुखू लागली की थांबा. लहान हात लवकर दमतात.

चुका एकेक करून

एका पानावर दहा चुका दाखवल्या, तर मूल घाबरून सोपेच शब्द वापरतं. आधी मजकूर वाचून ‘हे छान सांगितलंस’ म्हणा. मग एकच प्रकार निवडा. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात जोडाक्षरं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा; सुटलेला शब्द मुलाला आपोआप सापडतो.

इंदूर, बडोद्यासारख्या ठिकाणी मुलं शाळेत हिंदी शिकतात. लिपी तीच असली, तरी नियम वेगळे. हिंदीत ‘कवि’, मराठीत ‘कवी’. हिंदीत ‘गुरु’, मराठीत ‘गुरू’. हा मुलाचा निष्काळजीपणा नव्हे, दोन भाषांचा फरक आहे. तो रागावून नव्हे, समजावून सांगा.

आणि हो, घरात कुणी लिहिताना दिसलं, तर मूलही लिहितं. तुम्ही हिशेबाची वही घेऊन बसाल, तेव्हा त्यालाही शेजारी बसवा.

माझ्या मुलीची वही पुन्हा उघडली, ती आजीच्या पत्रानं. तिनं लिहिलं, ‘मला तुझी खुप आठवण येते.’ मी पेन हातात घेतला होता, पण मुद्दाम खाली ठेवला. पत्र तसंच पोस्टात पडलं.

पंधरा दिवसांनी आजीचं उत्तर आलं. मुलीनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘आई, आजीनं ‘खूप’मधला ऊकार दीर्घ का काढलाय गं?’’

लाल रेघेनं जे शिकवलं नसतं, ते आजीच्या चार ओळींनी शिकवलं!