काँप्रादोर

चीनच्या बंदरांत व्यापार करणाऱ्या पाश्चात्त्य पेढ्यांनी स्थानिक व्यवहारांसाठी करारावर व जामिनावर नेमलेला चिनी मध्यस्थ. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ ‘खरेदी करणारा’ असा असून मकाव येथील पोर्तुगिजांच्या घरी बाजारहाट पाहणाऱ्या कारभाऱ्यास तो प्रथम लावला जाई. चिनी भाषेत त्यास ‘मायबान’ म्हणतात. परक्या बाजारपेठेत शिरू पाहणाऱ्या पेढीने विश्वासू स्थानिक माणूस कसा मिळवावा आणि तो विश्वासू कसा राहावा, या प्रश्नाचे एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ अजमावले गेलेले उत्तर म्हणून या पद्धतीस महत्त्व आहे.

छिंग राजसत्तेने १७५७ मध्ये पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन (ग्वांगजौ) या एकाच बंदरापुरता मर्यादित केला. तेथे परदेशी व्यापाऱ्यास सरकारमान्य ‘हाँग’ व्यापाऱ्यांमार्फतच प्रमुख व्यवहार करावे लागत. प्रत्येक जहाजाच्या करांबद्दल व त्यावरील माणसांच्या वर्तनाबद्दल एक हाँग व्यापारी जामीन राही; त्यांच्यापैकी एखाद्याचे दिवाळे निघाल्यास परदेशीयांचे देणे इतरांवर सामूहिक रीत्या पडे. काँप्रादोर हा या व्यवस्थेतील दुय्यम माणूस. वखारींना व जहाजांना अन्नपाणी आणि नोकरचाकर पुरविणे, एवढेच त्याचे काम होते. पहिल्या अफू युद्धानंतर नानकिंगच्या तहान्वये (१८४२) हाँग व्यापाऱ्यांची मक्तेदारी संपुष्टात आली व पाच बंदरे खुली झाली. हाँग व्यापाऱ्यांच्या थकलेल्या देण्यापोटी चीनने ३० लक्ष डॉलर द्यावे, असे कलमही या तहात होते. परदेशी पेढ्यांना हवी ती मोकळीक मिळाली. परंतु मक्तेदारीबरोबर जामीनही गेला. ती उणीव काँप्रादोरने भरून काढली.

चीनमधील अडचणी केवळ भाषेच्या नव्हत्या. वजने-मापे ठिकठिकाणी निराळी होती, चांदीचा कस व तोल शहरागणिक बदले, आणि व्यापाराचा पैसा फिरे तो स्थानिक पेढ्यांच्या हुंड्यांवर. त्या पेढ्यांची पत परक्याला कळणे शक्य नव्हते. शिवाय देशाच्या अंतर्भागात स्थायिक होऊन व्यापार करण्याची मुभा परदेशीयांना नसल्यामुळे फूज्येन प्रांतातील चहाच्या खरेदीसाठी काँप्रादोरच्या हाती रोकड देऊन त्याला आत पाठवावे लागे. पेढीतील चिनी नोकर तोच नेमी. तिजोरी, माल व बाजारभावांची माहिती त्याच्याचकडे असे. चांदी पारखणाऱ्यास तेथील इंग्रजीत ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपला ‘सराफ’च भारतातील इंग्रजांच्या तोंडून चीनच्या किनाऱ्यावर पोहोचला; हाँगकाँगमध्ये पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ ही पाटी अजूनही आढळते.

या पद्धतीचे मर्म हमीत होते. काँप्रादोर नेमताना त्याच्याकडून अनामत रक्कम किंवा प्रतिष्ठित जामीनदार घेतले जात. आपण नेमलेल्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल तो जबाबदार असे आणि पुष्कळदा गिऱ्हाइकांच्या व स्थानिक पेढ्यांच्या पतीबद्दलही. याच्या बदल्यात वेतन बेताचेच मिळे. खरी प्राप्ती दलालीची होती. मुंबईतील यूरोपीय पेढ्यांचे हमीदलाल याच जातीचे. खरेदीदाराने पैसे बुडविल्यास भरपाई ते देत, म्हणून त्यांची दलाली साध्या दलालापेक्षा अधिक असे. मात्र ही हमी किती दूरवर पोहोचे, हे जंग ग्वानयिंग (१८४२–१९२२) याच्या अनुभवावरून दिसते. बटरफील्ड अँड स्वायर या पेढीची काँप्रादोरकी सोडताना तो आपल्यानंतर आलेल्या माणसास जामीन राहिला. त्या माणसाकडून रक्कम थकली आणि १८८५ मध्ये हाँगकाँगमध्ये जंगला त्या देण्यापायी अडकवून ठेवण्यात आले. चीनने पाश्चात्त्यांशी व्यापाराच्या क्षेत्रात युद्ध केले पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादणारा लेखक म्हणून तो पुढे प्रसिद्धीस आला.

हमीशिवायही विश्वास उभा राहू शकतो, याचे उदाहरण मुंबईतच सापडते. विल्यम जार्डिन आणि जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांची ओळख १८०५ मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या ‘ब्रन्सविक’ या जहाजावर झाली. पुढे जार्डिन, मॅथेसन पेढीचा मुंबईकडील कापूस व अफू यांचा फार मोठा व्यापार जमशेटजींमार्फत झाला. हे नाते नोकर-धन्याचे नसून समान पातळीवरील दोन पेढ्यांचे होते. व्यापार अर्थातच चीनला घातक ठरलेल्या मालाचा होता, हे विसरता येत नाही.

काँप्रादोरला स्वतःचा व्यापार करण्यास सहसा बंदी नसे. पद्धतीचा कमकुवतपणा हाच. कारण पेढीचा नफा कोठे संपतो व त्याचा कोठे सुरू होतो, हे ठरविणे अवघड होई. चीनच्या दृष्टीने मात्र यातूनच स्वदेशी उद्योजक तयार झाले. जार्डिन, मॅथेसनचा काँप्रादोर तांग तिंगशू (१८३२–९२) १८७३ मध्ये पेढी सोडून चिनी व्यापाऱ्यांच्या आगबोट कंपनीचा प्रमुख झाला. १८७७ मध्ये या कंपनीने रसेल या अमेरिकन पेढीच्या आगबोट कंपनीचा ताफाच विकत घेतला. काइपिंग येथील कोळशाच्या खाणीही त्यानेच उभारल्या.

या मध्यस्थाला पर्याय दोन प्रकारे निघाले. मित्सुई या जपानी कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याच तरुणांना चिनी भाषा शिकवून चीनमधील काँप्रादोर हळूहळू वगळले. उलट ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको कंपनीने १९२१ मध्ये आपल्या चिनी वितरकाबरोबर संयुक्त भांडवलाची कंपनी स्थापन केली, म्हणजे जामिनाची जागा भागभांडवलाने घेतली. माओ-त्से-तुंग याने १९२६ मध्ये काँप्रादोर वर्गाची गणना क्रांतीच्या शत्रूंत केल्यापासून हा शब्द राजकीय निंदेचा बनला, आणि १९४९ च्या सत्तांतरानंतर ही पद्धत उरली नाही. चीनने १९७९ च्या कायद्याने परदेशी भांडवलास पुन्हा वाट दिली ती संयुक्त उपक्रमांच्या रूपाने. परदेशी भागीदाराचा हिस्सा सामान्यतः किमान २५ टक्के असावा व अध्यक्ष चिनी पक्षाने नेमावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. अध्यक्षाविषयीची अट १९९० मध्ये शिथिल झाली. १ जानेवारी २०२० पासून या कायद्याची जागा नव्या परदेशी गुंतवणूक कायद्याने घेतली. प्रवासी मोटारींच्या उत्पादनातील परदेशी भांडवलावरची ५० टक्क्यांची मर्यादा २०२२ मध्ये उठविण्यात आली.